काल म्हणजे पाय

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
११ ऑगस्ट २०२५

संयुक्ता,

माझं सगळं बदललं ते तुझ्या अप्पांनी वाकड्या तोंडानं 'काल' म्हटलं त्या क्षणी.

पण आधी महत्त्वाचं. आमच्या इमर्जन्सीत तीच रीत आहे. अप्पा बरे आहेत. भिंतीला हात लावून चालतात, स्वतःच्या हातानं जेवतात, सांबारात मीठ कमी म्हणून अम्मांशी भांडतात. आता बस आणि पुढचं वाच. तुला घरून सांगितलंय की थोडं बीपी वाढलं होतं, दोन दिवस ठेवून घेतलं. ते खोटं आहे. अप्पांना स्ट्रोक आला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली.

पेशंटची गोष्ट बाहेर सांगितली तर माझी नोकरी जाईल, आणि ही नोकरी मी सोडणार नाही. (हस. हे मी लिहितोय.) अप्पांनी स्वतः 'लिहा' म्हटलं म्हणून लिहितोय. पाकिटात दुसरा कागद आहे तो त्यांचा. शब्द त्यांचे, अक्षर माझं. फोन का करत नाहीत? 'र' अजून नीट येत नाही. म्हणतात, "माझा आवाज ऐकला कीं पोरगी विमानांत बसेल. नको." उजव्या हातात पेन ठरत नाही. अम्मांचं मराठी बोलण्यापुरतं, लिहायचं झालं तर तमिळ. आणि संस्कृतच्या मास्तरांनी आपल्या मुलीला तमिळमध्ये पत्र पाठवायचं, तेही पुण्याला? छे. तेव्हा लेखनिक पाहिजे होता, आणि रोज संध्याकाळी व्यायाम करून घ्यायला घरी येणारा, देवनागरी लिहिणारा एकच माणूस त्यांच्या माहितीत होता.

तो माणूस कोण, हे त्यांना माहीत नाही.

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'कृष्णकांत के.' असं आहे. इथं आडनावाला कुणी विचारत नाही हे तुला नव्यानं काय सांगू. भरतीच्या बाईंनी तीन शब्द पाहिले, मधला धरला, आणि पहिल्या 'कौशिक'चा उरला नुसता 'के'. बाबांचं नाव माझं नाव झालं. मी दोनदा तक्रार केली, मग गप्प बसलो. मी इंजिनियरिंग सोडल्यापासून आवडी स्टेशनजवळच्या फॅक्टरीतले खरे कृष्णकांत माझ्याशी बोलत नाहीत. निदान छातीवर तरी असू देत. तसंही वॉर्डात नावानं कोण हाक मारतो? बाई असेल तर सिस्टर, बुवा असेल तर ब्रदर. तुझे अप्पा मला ब्रदर म्हणतात. अम्माही ब्रदर म्हणतात. मग मी तुझा कोण झालो, हे गणित मी सोडवत नाही.

तर त्या सकाळचं. तुमच्या वरच्या मजल्यावर बँकेतल्या विद्युलताबाई राहायला आल्या आहेत, नागपूरच्या. तू त्यांना पाहिलेलं नाही. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून त्या उतरल्या, अप्पांना न्हाणीघराच्या दारात पाहिलं आणि रिक्षात घालून थेट आमच्याकडे आणलं. मी स्ट्रेचर ओढला. चेहरा पाहिला. तुझ्या फोनमधला, सरस्वतीपूजेचा तो फोटो. बाई म्हणाल्या, "सेतुमाधव राव, रिटायर्ड टीचर." मला माहीत होतं.

सरळ आत नेला, दाराला कुठं धडकू न देता. हे मुद्दाम सांगतोय.

स्ट्रोक ओळखायला फार विद्या लागत नाही. हसा म्हणायचं. अप्पांचं अर्धंच तोंड हसलं. दोन्ही हात समोर धरा म्हणायचं. उजवा हळूहळू खाली आला, जणू त्याला झोप लागली. मी बोट टोचून साखर पाहिली, कारण साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. साखर ठीक होती. सलाइनची सुई लावली. उरला एकच प्रश्न, आणि तोच सगळ्यात मोठा: कधीपासून? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती. वेळ नक्की नसेल तर डॉक्टर ते देत नाहीत, आणि बरोबर करतात.

ड्यूटीवर डॉक्टर नारायणस्वामी होते. खाली वाकून म्हणाले, "सर, काय होतंय? कधीपासून?"

अप्पा म्हणाले, "काल... काल..."

डॉक्टर मला म्हणाले, "पायाचं सांगतायत. पाय गेला म्हणतायत."

तेवढ्यात विद्युलताबाई पुढं आल्या. "नाही हो डॉक्टर! ते मराठी बोलतायत. मराठीत काल म्हणजे यस्टरडे. मी मराठीच आहे ना, मला कळतं. कालपासून आहे म्हणतायत ते."

डॉक्टरांचा पेन थांबला. "यस्टरडे? नक्की?"

"हंड्रेड परसेंट."

बघ संयुक्ता, त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मराठीत काल म्हणजे कालच. माझ्याही. आणि त्या एका शब्दानं तुझ्या अप्पांचं इंजेक्शन गेलं असतं. उजवा हात गेला असता, बोलणं गेलं असतं, उरलेलं आयुष्य खिडकीशी.

पण मला एकदा एका मुलीनं शिव्या घातल्या आहेत. कॉलेजच्या लायब्ररीचा जिना, तू बूट काढून पायरीवर बसलेली. म्हणालीस, "काल दुखतंय." मी शहाणा, म्हणालो, "काल दुखत होतं म्हण. आज कसं आहे?" तू बूटच उगारलास. "आजच दुखतंय रे, माकडा! काल! काल म्हणजे पाय! आमच्या तंजावरी मराठीत अर्धं तमिळच असतं. तुमच्या महाराष्ट्रातलं तेवढं मराठी का?"

मी इमर्जन्सीच्या मधोमध ओरडलो, "काल म्हणजे पाय!"

सगळे बघायला लागले. विद्युलताबाईंना मी आणखीही काही बोललो, ते इथं लिहीत नाही. त्यांनी अम्मांना सांगितलं असेल आणि अम्मांनी तुला, तर ते खरं आहे.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ब्रदर, मी बहिरा नाही. मलाही पायच ऐकू आला होता. पण नुसत्या माझ्या कानावर विसंबून मी हे औषध देऊ का? मला कुणीतरी सांगायला हवं की हा माणूस आज धडधाकट होता."

मी अप्पांच्या तोंडावरची लाळ पुसत होतो. डाव्या गालावरून कापूस सरकन गेला. उजव्या गालावर अडकला. परत फिरवला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर पांढरे खुंट. कानामागं साबण सुकलेला.

"सर, अर्धी दाढी झालीय. हे आज आरशासमोर उभे होते."

तेवढ्यात अम्मा आल्या, पदराला कुंकू लागलेलं, देवळातून तशाच. डॉक्टरांनी विचारलं, यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत? अम्मा म्हणाल्या, "आठ वाजतां प्यायला कापी दिली. पेपर आधी कोण वाचायचा यावरून भांडले. मग मी देवळांत गेलें."

"भांडताना जीभ नीट होती?"

"फारच नीट होती!"

डॉक्टर हसले नाहीत, पण 'आठला ठीक' असं लिहिलं आणि घड्याळ पाहिलं; साडेचार तास अजून व्हायचे होते. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बीपी मर्यादेत बसत होतं. इंजेक्शन दिलं, आणि मी त्यांच्या उशाशी बसून थोड्या थोड्या वेळानं हात वर करायला सांगत राहिलो. दुपारी उजवा हात वर राहिला. पहिलं धड वाक्य काय बोलले माहितेय? "ब्रदर, दाढी पुरी करा."

केली.

कौशिक

ता. क. अप्पांना पत्ता अर्धाच आठवला, उरलेला तुझ्या मैत्रिणीकडून, ऋचाकडून, मिळवला. तिला रागावू नकोस. तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस, पोस्टमनला करता येत नाही.

*

तिरुवल्लिकेणी
२ सप्टेंबर

संयुक्ता,

मॅन्शन म्हणवणाऱ्या आमच्या या एकट्या पुरुषांच्या लॉजच्या मॅनेजरनं तुझी चिठ्ठी दिली. "ब्रदरचं अक्षर ओळखलं. अप्पांना सांग तू कोण आहेस. मग बोलू." तीन वाक्यं. पाहिली, ठेवून दिली. एकदाच वाचली. घडीवर फाटली आहे, पण तो कागदच हलका होता.

अजून सांगितलं नाही. घाबरलो म्हणून नाही. कारणं आहेत.

सोमवारी सांगणार होतो, पण ड्यूटी लांबली. रस्त्यात फिट आलेल्या रिक्षावाल्याला आणलं, मुरली नाव त्याचं. हातात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा कोंबलेला, आणि एक जण दातांत चमचा घालायला बघतोय. मी चमचा हिसकावला, कुशीवर वळवला, घड्याळ लावलं. लोक म्हणाले, "लोखंड धरल्यावरच थांबली ना फिट?" पूर्वी मी भांडलो असतो. आता म्हणालो, "किल्ल्या राहू देत, चमचा नको." दात वाचले. भांडण न करता जिंकता येतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं असतं तर मी अजून तिथं असतो.

बुधवारी सांगणार होतो. पण एन्नोरहून एका वॉचमनला आणलं, "दारू पिऊन पडलाय, कोपऱ्यात ठेवा" म्हणून. घामानं निथळत होता, बडबडत होता. बोट टोचलं: साखर तळाला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर उठून बसला आणि विचारायला लागला, माझी सायकल कुठाय? त्यानंतर एक काका 'गॅस झालाय, सोडा द्या' म्हणत चालत आले. मी सोडा दिला नाही, ईसीजी काढला. गॅस नव्हता. छातीत दुखणाऱ्या अर्ध्या चेन्नईला गॅसच झालेला असतो.

मी या कामात चांगला आहे, संयुक्ता. फुशारकी म्हण. तू ज्याला तापटपणा म्हणायचीस तो इथं कामाला येतो. फक्त पाय पळवायचे आणि आवाज खाली ठेवायचा, एवढं शिकावं लागलं. डॉक्टर नारायणस्वामी म्हणतात, "घाई हातांत पाहिजे, डोक्यात नाही." विद्युलताबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी आधी दार अर्धंच उघडलं. मी म्हणालो, तुम्ही खाली उतरला नसता तर मी कुणाचीही दाढी केली नसती. मग चहा मिळाला. आता त्या अप्पांना रोज एक तंजावरी शब्द विचारतात आणि वहीत लिहितात.

आता खरं कारण. तू विचारशीलच.

परवा मी अप्पांची नाडी मोजत होतो. ते खुशीत होते. 'र' आला होता, त्या आनंदात त्यांनी 'रामरक्षा, रसम, रविवार' असं तीनदा म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "ब्रदर, तुम्हाला एक सांगतों. माझ्या पोरीच्या मागें एक पोरगा होता. कौशिक. तिकडचाच, तुमच्या महाराष्ट्रांतला."

"असं?"

"आमा, हो तर. थर्ड इयरला प्रोफेसराच्या टेबलावर आयडी कार्ड फेंकून गेला. परत आला नाहीं. पोरगी रडून रडून तापली. मी म्हटलं, कॉलेज असं सोडणारा बायको तशी सोडणार नाहीं कशावरून?"

"मग ती काय म्हणाली?"

"कांहीं नाहीं म्हणाली. पुण्याला गेली."

त्यांची नाडी अठ्ठ्याहत्तर होती. माझी विचारू नकोस.

मी म्हणालो, "कदाचित सुधारला असेल." ते म्हणाले, "तुमच्यासारखे सगळे नसतात हो, ब्रदर." आणि स्वयंपाकघरात अम्मांच्या हातून भांडं पडलं.

आता तूच सांग, अशा वेळी सांगतात? बीपी वाढलं असतं. ही नर्स म्हणून माझी काळजी आहे. दुसरं काही नाही.

बरं, दुसरंही आहे. रोज संध्याकाळी त्या घरी जातो. तुझ्या कपाटावरचे स्टिकर अजून तसेच आहेत. अम्मा मला ताकाचं मोरकोळंबू वाढतात, अप्पा मला अमरकोशातले शब्द विचारतात आणि चुकलो की "फेल!" म्हणतात. सांगितल्यावर हे सगळं बंद होईल. तूही नाहीस आणि हेही नाही, मग मी मॅन्शनच्या खोलीत काय करू? पंख्याकडे बघू?

तरी सांगतो. तुझ्यासाठी नव्हे. खोट्या नावानं कुणाच्या घरी जेवायचं मला आता जड जातंय.

कौशिक

*

तिरुवल्लिकेणी
५ ऑक्टोबर

संयुक्ता,

सांगितलं.

आज सकाळी गेलो, दुपारच्या ड्यूटीआधी. नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या अजून उतरवायच्या होत्या. अम्मा एकेक कागदात गुंडाळत होत्या आणि अप्पा डाव्या हातानं सूत तोडून देत होते. मी म्हणालो, उजव्या हातानं तोडा. ते म्हणाले, "हा माणूस सुट्टी घेत नाहीं."

मी समोर बसलो. भाषण तयार केलं होतं, ते विसरलो.

"अप्पा, कृष्णकांत माझ्या वडलांचं नाव आहे. हॉस्पिटलच्या लोकांनी बिल्ल्यावर चुकून तेच घातलं. माझं नाव कौशिक."

ते सूत तोडत राहिले. बहुतेक नुसतं नाव म्हणून ऐकलं.

"तोच कौशिक."

सूत थांबलं. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं परत तोंड वाकडं होतंय का. नाही. दोन्ही बाजू सारख्याच रागावल्या होत्या. बघायची सवयच लागली आहे मला.

"गोदा," अप्पा म्हणाले, "हा काय म्हणतो ऐकलंस?"

अम्मा बाहुलीला कागद गुंडाळत म्हणाल्या, "मला ठावें होतं."

"काय ठावें होतं?"

"हॉस्पिटलांत पहिल्याच दिवशीं. हा तुमची दाढी करत होता आणि रडत होता. बिल्ल्यावर कांहीं असेना. परक्याच्या अप्पाला कोण असं रडतो?"

मी रडल्याचं पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता कळलंच तुला.

"आणि तूं मला सांगितलं नाहींस?"

"तुमचं बीपी," अम्मा म्हणाल्या.

अप्पांनी हातातलं सूत खाली ठेवलं. मी उठलो नाही. पूर्वीचा मी उठलो असतो, काहीतरी फेकलं असतं. मग ते बोलले, अगदी नीट, एकही अक्षर न अडखळता. शिकवायचे तेव्हा असेच बोलत असतील.

"ऐक. मी कृतघ्न नाहीं. हा हात तुझा आहे, ही जीभ तुझी आहे. ब्रदर म्हणून तुला शंभरांत शंभर. पण जावई म्हणून मंडळींत काय सांगूं? कॉलेज सोडलं, नर्स झाला? तुझी तीन सेमिस्टर राहिलीं. प्रिन्सिपॉलाकडे मी स्वतः येतों, काठी टेकत येतों. पुरं कर. डिग्री घे, एखाद्या कंपनींत लाग. ज्या दिवशीं लागशील त्या दिवशीं मी माझ्या हातानं संयुक्ताला लिहीन. सेरि?"

सेरि म्हणजे चालेल ना. एवढंच म्हणायचं होतं मला. दोन अक्षरं. तू, हे घर, अम्मांचं वाढणं, सगळं त्या दोन अक्षरांच्या पलीकडे मांडून ठेवलेलं. आणि माणूस काही वाईट मागत नव्हता. आवडीला बाबाही हेच मागतायत.

मी म्हणालो, "नाही, अप्पा."

"कां? पुन्हा राग?"

"सोडलं तेव्हा नुसता राग होता. तुमचं बरोबर आहे. कारण मला नंतर सापडलं. आता परत गेलो तर मी दुसऱ्यांदा कॉलेज सोडल्यासारखं होईल. यावेळी सोडेन ते माझं खरं काम असेल."

"मुलगी नको?"

"तुमच्यापेक्षा जास्त हवीय."

हे मी तुझ्या अप्पांना म्हणालो. अम्मांनी बाहुलीचा कागद स्वतःच्याच तोंडावर धरला, हसू लपवायला.

"हवीय, पण ती इंजिनियरला द्यायची असेल तर मी इंजिनियर नाही. मी नर्स आहे. आज दोन वाजता माझी ड्यूटी आहे आणि कुणीतरी 'गॅस झालाय' म्हणत येईल. तुम्हाला मंडळींत सांगायचं असेल तर हेच सांगा. नसेल सांगायचं, तर मी समजेन. व्यायामाला मात्र येणार. ते जावयाचं काम नाही, ब्रदरचं आहे."

त्यांनी मान वळवली. खिडकीकडे बघत बसले. मी घड्याळ पाहिलं. व्यायाम राहिला होता. रागावलेल्या पेशंटचाही व्यायाम चुकवायचा नसतो. मी दोन बोटं पुढं केली आणि नेहमीसारखं म्हणालो, "दाबा. उजव्या हातानं. जोर लावून."

मला वाटलं हात मागं घेतील. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोटं धरली. दाबली. मी म्हणालो, "आता सोडा." त्यांनी सोडली नाहीत. नर्स म्हणून सांगतो, पकड चांगली होती. माझी बोटं पांढरी पडली तरी मी ती ओढली नाहीत.

तेव्हा तुझी अट मी पूर्ण केली. त्यांची नाही केली, आणि करणार नाही. यातलं कुठलंही कुणाच्या धाकानं नाही. 'मग बोलू' असं तू लिहिलं होतंस. तो 'मग' झाला. बोलायचं की नाही ते तू ठरव. नाही ठरलं तरी मी मोडणार नाही. दोन दिवस जेवण जाणार नाही एवढंच, आणि त्यावर उपाय मला माहीत आहेत.

शेवटी त्यांनीच बोटं सोडली. मी पिशवी उचलली, चपला घातल्या. हॉस्पिटलच्या दारात आम्ही कुणाला 'पुन्हा या' म्हणत नाही, ते अशुभ. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, तेही अशुभ. हे तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच. उंबऱ्यात उभं राहून मी अप्पांच्या पाठीकडे बघत म्हणालो, "येतो."

पाठ हलली नाही. अम्मांनी मान हलवली.

मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.